आवाज चढा

मंगळवार, रात्री उशिरा

सराव मुलाखतीच्या कागदावरच्या त्या शेऱ्याने दिवसभर डोकं खाल्लंय. ‘आवाज चढा. थोडी सौम्यता हवी.’ बाकी रकान्यांत सगळं बरं आहे, विषयाची माहिती चांगली, देहबोली चांगली, आणि आवाजाला ५ पैकी २. कागदावर मुलीचं नाव बघते तर आमच्या नाटकातले न्यायाधीश!

सराव मुलाखती ठेवल्या, बाहेरून माणसं बोलावली, यात वावगं काही नाही. मुलींना पुढे कुणा ना कुणासमोर बसायचंच आहे, तर सवय इथेच व्हावी हे मोठ्या बाईंचं म्हणणं पटण्यासारखंच. माझ्याकडे फक्त गुणांची बेरीज दिली होती. बेरीज तशीच राहिली.

कारण हा आवाज मी त्या पोरीच्या हात धुऊन मागे लागून काढून घेतलेला आहे. पहिल्या वाचनाला तिचं वाक्य ठणठणीत सुरू व्हायचं आणि ओठांतल्या ओठांत संपायचं. बहुतेक जणींचं तसंच होतं, शेवट गिळतात. आणि आपल्या भाषेत क्रियापद असतं शेवटी. म्हणजे काय केलं, काय करणार, काय करू देणार नाही, नेमकं तेच पोटात जातं. ‘ही साक्ष मी’ एवढं शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं. ‘ग्राह्य धरत नाही’ हे विंगेत उभ्या असलेल्या मला एकटीला ऐकू यायचं. मग बरगड्यांवर हात ठेवून श्वास, खांदे वर न उचलता. घशातून ओरडू नकोस, पोटातून येऊ दे. शेवटच्या रांगेतली रिकामी खुर्ची दिसते ना, तिथपर्यंत वाक्य नेऊन ठेव, मध्येच टाकून येऊ नकोस.

आणि आलं. रंगीत तालमीला तिच्या मिशीचं एक टोक सुटलं. दुसरी असती तर फिस्सकन हसली असती, नाहीतर विंगेत पळाली असती. हिने तर्जनीने ते टोक दाबून धरलं, जरा विचारात पडल्यासारखं केलं आणि तसंच धरून शिक्षा सुनावली. प्रयोगाला मिशी घट्ट चिकटली होती, तरी बोट बरोबर तिथेच गेलं. तोवर ती न्यायाधीशांची लकब झाली होती. प्रयोगानंतर जो तो येऊन म्हणत होता, काय खणखणीत आवाज आहे हो मुलीचा! कौतुक करणारे आणि शेरा मारणारे एकच होते असं मी म्हणत नाही. पण एकच असते तरी त्यांनी दोन्ही ठिकाणी हेच केलं असतं, असं राहून राहून वाटतंय. टोचतंय ते हे.

मग मी इतके दिवस करत काय होते? शाळा सुटल्यावर थांबायचं, हॉलची किल्ली उशिरा दिली म्हणून बोलणी खायची, दर नाटकाला स्वतःचा घसा बसवून घ्यायचा. वार्षिक अहवालात नाटकाखाली ‘आत्मविश्वास, संघभावना, नेतृत्वगुण’ हे मीच लिहून देते. तोच आत्मविश्वास मिशी काढून समोरच्या खुर्चीत येऊन बसला की जड होतो. मला त्या वयात कुणी… असो.

जेवण झाल्यावर फ्रान्समधल्या सँ-सीरच्या शाळेवरचं माझं जुनं टिपण काढून बसले. स्वतःला आणखी त्रास करून घ्यायची हौस, दुसरं काय. चौदाव्या लुईच्या काळातली, हलाखीत आलेल्या सरदार घराण्यांतल्या मुलींची शाळा, १६८६ची. चालवणाऱ्या मादाम द मँतनाँ. मुलींचं बोलणं सुधारावं म्हणून त्यांना नाटक हवं होतं. मुलींनी नाटककार रासीनचं ‘आंद्रोमाक’ केलं, आणि इतकं जीव ओतून केलं की बाईंनी रासीनला कळवलं, पोरींनी फारच उत्तम केलं, म्हणून आता पुन्हा करणार नाहीत. मग त्याने खास त्यांच्यासाठी, प्रेमप्रकरण वगळून, बायबलमधल्या कथेवर ‘एस्तेर’ लिहिलं. १६८९मध्ये त्याचे प्रयोग झाले. राजा स्वतः येऊन बसला, आमंत्रणासाठी दरबारात चढाओढ. त्यावर लगेच ओरड सुरू झाली की मुली शेफारणार. १६९१चं त्याचं पुढचं नाटक ‘आताली’ झालं ते शाळेच्याच कपड्यांत, नेपथ्याविना. आणि १६९२मध्ये शाळेचा रीतसर मठ झाला.

इथे मात्र मला हसू फुटलं. मोठ्या बाई मठ तरी काढणार नाहीत.

आपल्याकडचं त्याहून गमतीचं. बालगंधर्व रंगमंचावर बाई झाले आणि खऱ्या बायकांनी त्यांच्या नेसण्याची, केशरचनेची नक्कल केली. बाईने कसं दिसावं हे पुरुषाने दाखवलेलं चालून गेलं. मुलीने मिशी उतरवल्यावरही न्यायाधीशच राहायचं ठरवलं की सौम्यता आठवते.

शेरा अगदीच बिनबुडाचा आहे असंही नाही म्हणा. खोली लहान, टेबलापलीकडे दोन हातांवर माणूस, आणि ही बया बोलणार शेवटच्या रांगेसाठी. समोर किती अंतर आहे ते बघून आवाज बेतायचा असतो. तेवढं तिला शिकावं लागेल, शिकेलही. पण मग ‘खोली लहान आहे’ असं लिहा ना! सौम्यता कुठून आली मध्येच? त्याच गठ्ठ्यात पुटपुटणाऱ्या कितीतरी जणी आहेत, मला माहीत आहेत त्या. त्यांच्यातल्या एकीलाही ‘ठामपणा हवा’ असं कुणी लिहिलेलं नाही. आवाजाला ४. ऐकू कसं आलं देव जाणे.

कागद मुलींना परत दिले तेव्हा मी मुद्दाम तिच्या बाकाजवळ रेंगाळले. काहीतरी धीराचं बोलायची तयारी करून गेले होते. तिने शेरा वाचला, कागदाची घडी करून कंपासपेटीत ठेवली. “म्हणजे ऐकू गेलं, बाई,” म्हणाली. “पुढच्या वेळी मिशी लावूनच जाते.” शेजारची खिदळली. माझं धीराचं वाक्य माझ्याकडेच राहिलं.

मग निघताना तिने मला दारात गाठलंच. पुढच्या नाटकात काम नकोय तिला, दिग्दर्शन करायचंय. तिघीचौघींना विचारूनही झालंय, कुणाला कुठली भूमिका द्यायची तेही ठरलंय. नाटक कुठलं ते अजून ठरायचंय म्हणे! मला एकदम तालमीचा हॉल दिसला, त्यात ही माझ्या खुर्चीत, आणि मी बाजूला बसून तिच्या सूचना ऐकतेय. विचार करून सांगते, म्हटलं.

“कधी सांगाल, बाई? वार सांगा.”

शुक्रवार सांगितलाय.