कर्नल कंपाइल करताना अडलं ते एका सर्टिफिकेटवर (माझा अनुभव)

सगळे कोअर कामाला लागले की माझा डेस्कटॉप अडखळायचा. व्हिडिओ एन्कोड चालू असताना साधी विंडो सरकवली तरी झटके, म्हणून ठरवलं की लिनक्सचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) आपणच कंपाइल करायचा, म्हणजे सोर्स कोडपासून बनवायचा. 6.6 घेतला, तो लाँगटर्म (जास्त काळ अपडेट मिळणारा) आहे आणि शेड्युलरमध्ये, म्हणजे कुठल्या कामाला कोअर कधी द्यायचा ते ठरवणाऱ्या भागात, ईईव्हीडीएफ ही नवी पद्धत त्याच व्हर्जनला आली. सोर्स उतरवणं, कंपायलर, फ्लेक्स, बायसन ही टूल्स टाकणं यात अडण्यासारखं काही नाही.

अडलं ते सर्टिफिकेटवर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. सगळीकडे एकच सांगतात, चालू कर्नलचा कॉन्फिग (सेटिंगची फाइल) बूट फोल्डरमधून उचला, मेक ओल्डडेफकॉन्फिग मारा (नव्या सेटिंगना डीफॉल्ट मिळतं) आणि मग मेक, म्हणजे बिल्ड करणारी कमांड. तसंच केलं, मेकच्या जे (-j, एकाच वेळी किती कामं) या ऑप्शनपुढे कोअरचा आकडा दिला, सगळे कोअर शंभर टक्क्यांवर गेले आणि मधेच बंद. शेवटच्या ओळीत फक्त एरर 2. कसला एरर, कुठल्या फाइलचा, काहीच नाही. होतं असं की एकाच वेळी बरीच कामं चालू असतात, त्यातलं एक पडलं तरी मेक बाकीची चालू कामं संपेपर्यंत थांबतो, त्यांचं आउटपुट खाली येत राहतं आणि खरी ओळ वर कुठेतरी निघून जाते. वर जाऊन शोधा, परत चालवा, परत शोधा, हेच चाललेलं. शेवटी जे काढून नुसता मेक मारला तेव्हा ती ओळ एकदाची तळाला दिसली: अमुक पेम फाइल (सर्टिफिकेटची फाइल) बनवायचा नियम नाही, आणि ती एक्स509 सर्टिफिकेट लिस्टला लागते.

म्हणजे डिस्ट्रोवाले (उबुंटूसारखं तयार लिनक्स देणारे) कर्नल बनवताना स्वतःची सर्टिफिकेटं आत घालतात, त्यांचा पाथ कॉन्फिगमध्ये तसाच राहतो, आणि कर्नल डॉट ऑर्गवरून घेतलेल्या सोर्समध्ये ती फाइल असायचं कारणच नाही! हाच कॉन्फिग लोक उचलणार हे माहीत असताना कुठे ठळक लिहायला काय जातं? उपाय एका मिनिटाचा आहे. मेक मेनूकॉन्फिग मारून येणाऱ्या सेटिंगच्या मेनूत क्रिप्टोग्राफिक एपीआय उघडा, खाली सर्टिफिकेट्स फॉर सिग्नेचर चेकिंग मध्ये जा, तिथला ट्रस्टेड कीजचा पाथ पुसून रिकामा ठेवा. मी पुसला, मेक मारला, आणि पुन्हा तोच एरर, फक्त या वेळी रिव्होकेशन लिस्टसाठी (रद्द सर्टिफिकेटांची यादी). त्याच मेनूत दुसरा पाथ असतो, दोन्ही एकदमच पुसा. आणि प्रत्येक वेळी मेक क्लीन (बनलेलं सगळं पुसणारी कमांड) करू नका, म्हणजे झालेल्या ऑब्जेक्ट फाइल राहतात आणि काम तिथूनच पुढे सरकतं. त्यानंतर बिल्ड सरळ शेवटपर्यंत गेला, काय बरं वाटलं म्हणून सांगू.

आता कोअरचं. एसएमपी (एकाहून जास्त कोअर वापरणं) आणि मल्टीकोअर शेड्युलिंग डिस्ट्रोच्या कर्नलमध्ये आधीपासून चालू असतं, ते शोधत बसू नका. मी बदललं ते टायमर (कर्नल सेकंदाला किती वेळा मधे येऊन बघतो) 250 वरून 1000 हर्ट्झ आणि प्रीएम्प्शन (चालू काम मधेच थांबवून दुसऱ्याला कोअर देणं) फुल. एन्कोडला वेळ तेवढाच लागतो, पण विंडो आता झटके देत नाही, आणि मला तेच हवं होतं. नुसती आकडेमोड चालवायची असेल तर उलट जा, 100 हर्ट्झ ठेवा म्हणजे टायमर कोअरला कमी वेळा अडवतो. एनआर सीपीयूज (कर्नल जास्तीत जास्त किती सीपीयू वापरेल तो आकडा) कमी करणार असाल तर थ्रेड मोजा, कोअर नाही. 8 कोअरला प्रत्येकी दोन थ्रेड असतील तर 16 लागतात, कमी टाकलेत तर उरलेले वापरातच येत नाहीत.

हे खरं आधी सांगायला हवं होतं: तुमच्या कर्नलमध्ये डायनॅमिक प्रीएम्प्शन (बूट करताना बदलता येणारं) असेल तर ग्रबमध्ये (बूट करताना कर्नल निवडायचा मेनू) बूटच्या ओळीत प्रीएम्प्ट=फुल लिहून आधी बघा, तेवढ्यावर भागलं तर कंपाइल करायलाच नको. टायमरचा आकडा मात्र असा बदलता येत नाही.

डीबग इन्फो (चुका शोधायला ठेवलेली जादा माहिती) बंद करा, कित्येक जीबी जागा आणि बराच वेळ वाचतो. जे पुढे आकडा द्यायला विसरू नका, नुसतं जे दिलं तर मेक वाट्टेल तेवढी कामं सुरू करतो आणि रॅम संपते. मेक लोकलमॉडकॉन्फिग वापरणार असाल तर आधी वायफाय डोंगल, प्रिंटर, जे जे लागतं ते लावून ठेवा, त्या वेळी लोड नसलेली मॉड्यूल्स (ड्रायव्हरसारखे भाग) तो काढून टाकतो. सिक्युअर बूट चालू असेल तर आपला कर्नल साइन करावा लागतो, नाहीतर तो उघडणारच नाही. आणि जुना कर्नल ग्रबमधून काढू नका, माझ्याकडे तो अजून आहे.