शेवळं आली!

आज सकाळी कर्जत स्टेशनबाहेर शेवळांच्या जुड्या दिसल्या आणि लोकल सोडली. वर्षातून जेमतेम दोन-तीन आठवडे मिळणारी ही रानभाजी, लोकल काय, मागून दुसरी येतेच! विकणाऱ्या मावशींनी न मागता मूठभर काकडं (छोटी आंबट रानफळं) पिशवीत टाकली. "ही इसरू नको गं, घसा धरंल." शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात. काकडांच्या आंबटपणाने खाज मरते. हे रसायनशास्त्र मावशींना कुणी शिकवलं?

घरी सासूबाईंनी वरची पानं सोलली, आतला पिवळा भाग काढून टाकला, बारीक चिरून तेलावर भरपूर परतलं. मग भिजवलेली चणाडाळ आणि काकडांचा रस. सोबत नाचणीची भाकरी. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम, शिवाय भरपूर तंतू. (नाचणीने साखर पळते वगैरे फॉरवर्ड मला पाठवू नका. तीन भाकऱ्या खाल्ल्या तर ती वाढणारच.)

माझ्या कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली तिथेच टेबलावर होती. सासूबाईंनी ती उचलून शांतपणे फ्रिजवर ठेवली आणि भाकरीसाठी जागा केली.

उद्या टाकळ्याची रानभाजी मिळतेय का बघते.