फ्रूम ते ट्रिऑर्की : छोट्या गावांच्या हाय स्ट्रीटवरून

ब्रिटनमधल्या छोट्या गावांत हाय स्ट्रीट हाच गावचा जीव. बँक, टपाल कचेरी, खाटीक, पब, औषधांचं दुकान, आठवड्याचा बाजार, सगळं त्या एका रस्त्याच्या आगेमागे. हे रस्ते कसे ओस पडत चाललेत याच्या बातम्या मी कित्येक वर्षं वाचत आले आहे. 2009 च्या जानेवारीत वूलवर्थ्स या मोठ्या साखळीची आठशेच्या आसपास दुकानं बंद झाली. 2016 मध्ये बीएचएस गेलं, 2021 मध्ये डेबनहॅम्स, 2023 मध्ये विल्को. अशी साखळी बुडाली की गावाच्या मधोमध असलेली सगळ्यात मोठी इमारत रिकामी होते. तिचा मालक बहुतेक वेळा गावात राहतच नाही. लंडनमधला एखादा गुंतवणूक फंड असतो, नाहीतर पेन्शन फंड.

पण काही गावांनी हा रस्ता सांभाळला, त्याला पुन्हा उभं केलं. ती गावं बघायची म्हणून मी हा प्रवास आखला. किल्ले, राजवाडे, संग्रहालयं यांच्यावर इतकं लिहिलं जातं, बाजारपेठेवर कुणी लिहीत नाही. मला मात्र नव्या गावात गेल्यावर पहिल्यांदा बाजारपेठच बघावीशी वाटते.

लंडनच्या पॅडिंग्टनहून निघून वेस्टबरीला गाडी बदलली की सॉमरसेट परगण्यातलं फ्रूम येतं. स्टेशनपासूनच गाव आवडायला लागतं, कारण 1850 मध्ये बांधलेलं लाकडी छत अजून डोक्यावर आहे आणि गाड्या अजून त्याच्याखालूनच जातात. तिथून पायी उतरत गावात आले. चीप स्ट्रीट नावाची जुनी अरुंद गल्ली आहे, तिच्या बरोबर मध्यातून दगडी पन्हळीत पाण्याचा छोटा प्रवाह वाहतो. दोन्ही बाजूंना दुकानं. लोक बोलता बोलता सहज पाय टाकून पलीकडे जातात आणि लहान मुलं हमखास बूट भिजवतात. पुढे कॅथरीन हिलचा फरसबंदी चढ. पुस्तकं, जुने कपडे, लोकर, ब्रेड, दिव्यांच्या शेड्स. देशभर सगळीकडे दिसणाऱ्या पाट्या इथे क्वचितच दिसतात.

फ्रूम लोकरीच्या कापडावर वाढलेलं गाव. तो धंदा गेल्यावर गावाला उतरती कळा लागली. ट्रिनिटी नावाची कामगारांची वस्ती आहे, सतराव्या-अठराव्या शतकातली. 1960 च्या दशकात तिच्यातली जवळजवळ अर्धी घरं सुधारणेच्या नावाखाली पाडून टाकली. ती किती मोलाची होती हे नंतर कळलं आणि उरलेली वाचवली. त्या गल्ल्यांतून फिरताना मला फार वाईट वाटलं. दगडी घरांची एक ओळ सरळ चालत येते आणि मध्येच संपते.

फ्रूमचं नाव झालं ते मात्र टाउन कौन्सिलमुळे. इंग्लंडमध्ये टाउन कौन्सिल म्हणजे कारभाराची अगदी खालची पायरी, साधारण आपल्या ग्रामपंचायतीसारखी. बागा, बाकं, दफनभूमी, भाजीच्या वाफ्यांच्या जागा, असली कामं तिच्याकडे. 2011 मध्ये इथल्या काही रहिवाशांनी ठरवलं, की राष्ट्रीय पक्षांच्या चिन्हांचं गावच्या कारभारात काही काम नाही. ते अपक्षांचा गट करून उभे राहिले आणि 17 पैकी 10 जागा जिंकल्या. 2015 मध्ये सगळ्या 17 जिंकल्या. एवढ्यावर थांबले असते तर ती निवडणुकीची एक बातमी झाली असती. पण त्यांनी या खालच्या पायरीला कायद्याने जे जे करता येतं ते सगळं वापरायला घेतलं. टाउन हॉलची इमारत गावाच्या ताब्यात घेतली. ड्रिल मशीन, तंबू, गालिचे धुण्याचं यंत्र अशा वस्तू भाड्याने देणारं दुकान 2015 मध्ये उभं राहिलं. 2016 मध्ये ब्रिटनमधला पहिला सार्वजनिक फ्रिज इथे सुरू झाला. कुणीही उरलेलं चांगलं अन्न ठेवावं, कुणीही न्यावं.

त्या फ्रिजपाशी मी बराच वेळ रेंगाळले. एक आजोबा दोन कोबी ठेवून गेले. मागोमाग शाळेच्या गणवेशातली मुलगी आली, दह्याचा डबा उचलला, तारीख बघितली आणि दप्तरात टाकला. कुणी कुणाकडे बघितलं नाही, कुणी नाव लिहून घेतलं नाही.

टाउन कौन्सिलची बैठक बघायची माझी फार इच्छा होती आणि ती पुरी झाली. कायद्याप्रमाणे बैठकीची सूचना किमान तीन पूर्ण दिवस आधी लावावी लागते, त्यामुळे फलकावर विषयपत्रिका वाचूनच गेले. बाहेरच्या माणसालाही बसता येतं. सुरुवातीला नागरिकांच्या प्रश्नांसाठी वेळ राखलेला होता. एक बाई उठल्या आणि चढावरच्या गल्लीत सामानाच्या गाड्या भलत्या वेळी घुसतात, म्हातारी माणसं भिंतीला चिकटून उभी राहतात, असं शांतपणे सांगू लागल्या. वेळा, वार, गाड्यांचे आकार, सगळं वहीत टिपून आणलं होतं. सदस्यांनी ऐकलं, दोन प्रश्न विचारले. पण रस्ते टाउन कौन्सिलच्या हातात नाहीत, ते वरच्या सॉमरसेट कौन्सिलकडे. बांधकामाच्या अर्जांवरही टाउन कौन्सिल फक्त मत देऊ शकते, निर्णय वर होतो. दुकानांवरच्या कराचा दर तर थेट केंद्र सरकार ठरवतं.

म्हणजे गावाच्या मध्यवस्तीचं बरंवाईट ज्या गोष्टींनी ठरतं, त्यातल्या बहुतेक गावाबाहेर ठरतात. त्यात सॉमरसेट कौन्सिलने 2023 च्या नोव्हेंबरमध्ये आर्थिक आणीबाणी जाहीर केली आणि शौचालयं, बागा अशी कामं खाली गावांकडे सरकू लागली. कामं आली की गावाचा कर वाढवावा लागतो. घरपट्टीच्या बिलात टाउन कौन्सिलचा वेगळा आकडा छापलेला असतो, त्यामुळे वाढ प्रत्येक घराला दिसते आणि बैठकीत विचारणाही होते. ही उघड विचारणा मला फार मोलाची वाटली.

महिन्याच्या पहिल्या रविवारी, मार्च ते डिसेंबर, गावचे रस्ते गाड्यांना बंद करून मोठा बाजार भरतो. मी मुद्दाम तो रविवार गाठला होता. चीज, रोपं, जुनं फर्निचर, हाताने छापलेलं कापड, कोपऱ्याकोपऱ्यावर गाणारी मंडळी. पण माझं लक्ष गर्दीइतकंच एका बंद गाळ्याकडे जात होतं. काचेआड दारात टपालाची रास साचली होती, वरची पाकिटं उन्हाने पिवळी पडलेली. असे गाळे इथेही आहेत. डिसेंबर 2024 पासून इंग्लंडमधल्या वरच्या पायरीच्या कौन्सिलांना नवा अधिकार मिळाला आहे. दोन वर्षांच्या काळात 365 दिवसांपेक्षा जास्त रिकामा राहिलेला गाळा कौन्सिल स्वतः लिलावाने भाड्याला देऊ शकते, एक ते पाच वर्षांसाठी. मालक गप्प बसला तरी. मला हा कायदा मनापासून पटतो. रिकामा गाळा मालकाच्या हिशोबात नुसती एक ओळ असेल, शेजारच्या दुकानदाराचं मात्र रोजचं नुकसान होत असतं.

आणखी एक गोष्ट इथे कळली. इथल्या दवाखान्यात डॉ. हेलन किंग्स्टन यांच्या पुढाकाराने 2013 पासून एकट्या, आजारी माणसांना गावातल्या गटांशी, कॅफेतल्या गप्पांच्या टेबलांशी जोडून द्यायचं काम सुरू झालं. 2013 ते 2017 या काळात फ्रूममध्ये तातडीने रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण सुमारे 14 टक्क्यांनी घटलं. त्याच काळात सॉमरसेटमध्ये ते 28 टक्क्यांहून जास्त वाढलं होतं. चालत जाता येईल अशा अंतरावर बसायला जागा आणि ओळखीचे चेहरे असले की काय होतं, ते या आकड्यांत दिसतं. बाजारपेठेचा विचार फक्त विक्रीच्या हिशोबाने करू नये असं मला तेव्हापासून ठामपणे वाटतं.

फ्रूमहून बाथ, ब्रिस्टल करत गाडी सेव्हर्न नदीखालच्या बोगद्यातून वेल्समध्ये शिरते. न्यूपोर्टला उतरून मी शहरात एक फेरी मारली. इथे 2015 मध्ये फ्रायर्स वॉक नावाचं मोठं खरेदी-संकुल झालं. डेबनहॅम्स त्यातलं मुख्य दुकान होतं, ते 2021 मध्ये साखळीबरोबर गेलं. जवळच्या जुन्या कमर्शियल स्ट्रीटवर शटरमागून शटर बंद. मी फार थांबले नाही.

ॲबरगॅव्हेनीपर्यंत रेल्वे आणि पुढे बस. क्रिकहॉवेल जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव, अस्क नदीच्या काठावर, मागे सपाट माथ्याचा डोंगर. नदीवरच्या जुन्या दगडी पुलाची गंमत अशी की एका बाजूने मोजल्या तर बारा कमानी भरतात आणि दुसऱ्या बाजूने तेरा. पुलाच्या दोन्ही बाजूंना जाऊन मोजल्या. खरंच तसं आहे.

इथे मी आले होते ती कॉर्न एक्स्चेंज नावाच्या इमारतीसाठी. हा जुना पब. तो बंद झाला आणि तिथे सुपरमार्केटच्या एखाद्या साखळीचं दुकान येणार असं दिसू लागलं, तसं गाव उठलं. सभा झाल्या, आक्षेप नोंदवले गेले. इतकं अनेक गावांत होतं. क्रिकहॉवेलने पुढचं पाऊल टाकलं. दोनशेहून जास्त रहिवाशांनी स्वतःचे पैसे घालून शेअर घेतले, कंपनी काढली आणि इमारत विकत घेतली. खाली तीन दुकानं, वर राहायच्या सदनिका.

त्यातल्या एका दुकानासमोरच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या. मी भारतातून हे बघायला आले म्हटल्यावर त्यांना नवल वाटलं. मी विचारलं, तुम्हीही पैसे घातले होते का? म्हणाल्या, "घातले की. नफ्यासाठी नाही घातले. आमच्या गावात कुणी काय उघडायचं, हे आम्हालाही विचारलं जावं म्हणून घातले." मग काठीने दाखवत कोणतं दुकान किती वर्षांचं, आधी तिथे काय होतं, ते सांगत बसल्या. खाटकाचा मुलगा आता दुकान बघतो, बेकरीत पहाटे किती वाजता दिवा लागतो, सगळं पाठ.

2018 मध्ये ब्रिटनमधल्या सर्वोत्तम हाय स्ट्रीटचा पुरस्कार या गावाला मिळाला. बक्षिसापेक्षा मला मालकीचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. इथेही बांधकामाची परवानगी गावच्या टाउन कौन्सिलकडे नाही, गाव ज्या राष्ट्रीय उद्यानात येतं त्याच्या प्राधिकरणाकडे ती आहे. पण मालकच गावकरी असले की भाडेकरू कोण ठेवायचा ते गाव ठरवतं, आणि एवढा एक अधिकार कुठल्याही सुशोभीकरण योजनेपेक्षा जास्त कामाला येतो. फुलांच्या टोपल्या आणि नवे दिवे मला आवडतात, पण त्यांनी रिकामा गाळा भरत नाही.

शेवटचा टप्पा ऱ्होंडा खोऱ्यातलं ट्रिऑर्की. कार्डिफहून गाडी खोऱ्यात चढत जाते, डोंगरउतारांवर घरांच्या लांबच लांब ओळी. हा कोळशाचा मुलूख. ऱ्होंडातली शेवटची खाण, मार्डीची, 1990 च्या डिसेंबरमध्ये बंद झाली. खाणी गेलेल्या खोऱ्यात भरलेला हाय स्ट्रीट सापडेल असं कुणाला वाटणार नाही. तरीही 2019 चा तोच पुरस्कार ट्रिऑर्कीला मिळाला. बहुतेक दुकानं स्थानिक माणसांची. शनिवारी सकाळी फुटपाथवर दर चार पावलांवर कुणीतरी कुणालातरी थांबवून बोलत होतं. दुकानदारांची संघटना मिळून उत्सव भरवते, जाहिरात करते. एकट्या दुकानदाराला न परवडणारं काम सगळे मिळून करतात.

स्टेशनजवळ पार्क अँड डेअर नाट्यगृह आहे. पार्क आणि डेअर या दोन खाणींच्या कामगारांनी मजुरीतल्या प्रत्येक पौंडामागे एक पेनी बाजूला काढून ही वास्तू उभी केली. आधी वाचनालय आणि संस्था, मग 1913 मध्ये हे भव्य सभागृह. आता ते ऱ्होंडा कानन टाफ कौन्सिल चालवते. मी दारातल्या पाटीवर कार्यक्रम वाचत उभी राहिले : गायन, सिनेमा, मुलांची नाटुकली. शंभर वर्षांपूर्वी जमिनीखाली राबणाऱ्या माणसांनी जे केलं, तेच क्रिकहॉवेलच्या लोकांनी पबसाठी केलं. थोडे थोडे पैसे, पुष्कळ माणसं आणि गावाच्या नावावर एक इमारत. माझ्या डोक्यातले हे दोन धागे तिथे उभ्या उभ्याच जुळले.

कुणाला जायचं असेल तर फ्रूमसाठी महिन्याचा पहिला रविवार धरा आणि टाउन कौन्सिलच्या बैठकीची तारीख आधी बघून ठेवा. क्रिकहॉवेलला रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात आणि बसही कमी. ट्रिऑर्कीला शनिवारी सकाळी पोचा आणि संध्याकाळी नाट्यगृहात काही असेल तर तिकीट काढाच. मला आता स्कॉटलंडमधलं विगटाउन बघायचं आहे. हजारेक वस्तीच्या त्या गावाला 1998 मध्ये राष्ट्रीय पुस्तकगावाचा दर्जा मिळाला आणि बंद पडत चाललेल्या गाळ्यांत पुस्तकांची दुकानं आली. तिथल्या इमारतींचे मालक कोण, हे मी पहिल्यांदा विचारणार आहे.