महाविद्यालयाच्या कपाटातला मराठवाडा

थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींची मोठी नोंद 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध केली, तिच्यात मराठवाडा नाही. असण्याचे कारणही नव्हते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे तेव्हा हैदराबाद संस्थानात होते आणि इलाख्यातील अधिकाऱ्यांची, पाद्र्यांची, हौशी संग्राहकांची पायपीट संस्थानाच्या हद्दीपाशी बहुधा थांबत असे. त्यामुळे महाबळेश्वरच्या एखाद्या झुडपाचा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा वाळवलेला नमुना लंडनजवळच्या क्यू उद्यानात किंवा मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, सापडू शकतो, पण बालाघाटच्या डोंगररांगेवरील एखाद्या गवताचा तितका जुना नमुना मिळणे दुरापास्त आहे. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, जिल्ह्याजिल्ह्यांत महाविद्यालये निघाली आणि त्यांच्या शैक्षणिक सहलींबरोबर आपल्या भागातील वनस्पतींचे संकलन वाढीला लागले. म्हणूनच 1965 किंवा 1975 सालचा नमुना इतरत्र किरकोळ वाटला, तरी आपल्यासाठी तो पहिल्या पिढीचा पुरावा आहे, आणि तो बहुतांशी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांमधील कपाटांत पडून आहे.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे ही कपाटे रिकामी होताना मी पाहत आले आहे. संगणक कक्षासाठी जागा हवी असते, मूल्यमापनासाठी समिती यायची असते, जुने प्राध्यापक निवृत्त झालेले असतात आणि पिवळ्या पडलेल्या कागदांवरील वाळक्या फांद्या कोणाच्याच उपयोगाच्या वाटत नाहीत. मग त्या रद्दीत जातात. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण ज्या काळात या वस्तूंची किंमत सर्वांत कमी समजली जात आहे, नेमक्या त्याच काळात त्यांच्याकडून मिळणारी माहिती पूर्वी कधी नव्हती इतकी वाढली आहे.

केंब्रिजच्या एफ. आय. वुडवर्ड यांनी 1987 साली हर्बेरियममधील पानांवरची पर्णरंध्रे, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची सूक्ष्म छिद्रे, मोजली आणि दाखवून दिले की गेल्या दोनशे वर्षांत, हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तसतशी काही समशीतोष्ण वृक्षांच्या पानांवरील पर्णरंध्रांची घनता सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाली. ती पाने ज्यांनी गोळा केली त्यांच्या मनात हवामानबदल हा विषयही नव्हता. आयर्लंडमध्ये 1845 नंतर बटाट्याचे पीक ज्या करप्याने बुडाले, त्या रोगजंतूचा नेमका वाण 2013 साली ओळखता आला तो एकोणिसाव्या शतकातील रोगट पानांतून काढलेल्या डीएनएवरून. नव्या प्रजातींची गोष्टही अशीच आहे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, सपुष्प वनस्पतींच्या नव्याने वर्णन झालेल्या प्रजातींपैकी सुमारे एक चतुर्थांश प्रजातींचे नमुने पन्नास वर्षांहून अधिक काळ कपाटात पडून होते. म्हणजे नवी प्रजाती शोधायला रानात जावे लागते हे खरे, पण पुष्कळदा ती आधीच कोणीतरी आणून ठेवलेली असते आणि ओळखणारा माणूस मात्र अजून यायचा असतो.

अर्थात नमुन्याचे सारे मोल त्याच्यावरील चिठ्ठीत असते. हे विद्यार्थ्यांना पटवून देण्यासाठी मी रानपिंगळ्याची हकिगत सांगते. ती आपल्या शेजारच्या खानदेशातच घडलेली आहे. या लहानशा घुबडाचे वर्णन ॲलन ह्यूम यांनी 1873 साली केले आणि 1884 नंतर तो पक्षी जणू नाहीसाच झाला. 1914 साली गुजरातमधील मांडवी येथे आपण तो मिळवल्याचा कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांचा दावा होता, त्यामुळे तेथेही शोध घेतला गेला आणि काही हाती लागले नाही. पुढे पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी त्या पक्ष्याचे भरून ठेवलेले कातडे बारकाईने तपासले, तेव्हा ते भरण्याची मूळ पद्धत खानदेशात पक्षी गोळा करणाऱ्या जेम्स डेव्हिडसन यांची असल्याचे दिसून आले. ब्रिटिश संग्रहालयातील डेव्हिडसन यांचा नमुना चोरून, तो पुन्हा भरून त्याला खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती. खोटे ठिकाण बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी जुन्या, खऱ्या नोंदींच्या मागावर निघाले आणि नोव्हेंबर 1997 मध्ये, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळ, 113 वर्षांनी रानपिंगळा जिवंत दिसला. एका खोट्या चिठ्ठीने शोध चुकीच्या दिशेला नेला आणि खऱ्या चिठ्ठ्यांनी तो मार्गी लावला.

म्हणून प्रशिक्षणाची सुरुवात मी चिठ्ठीपासूनच करते. विद्यार्थ्यांच्या बहुतेक शीटवर, म्हणजे वाळलेला नमुना टाचलेल्या कागदावर, ठिकाण म्हणून 'स्थानिक' किंवा 'महाविद्यालय परिसर' एवढेच लिहिलेले असते, आणि तेवढ्याने पन्नास वर्षांनंतरच्या अभ्यासकाला काहीही कळणार नाही. याउलट आमच्या कपाटात सत्तरच्या दशकातील एका विद्यार्थ्याची कुसळीची शीट आहे. गवताच्या ओंबीतील लांब, काळपट कुसळे एकमेकांत पिळून कागदावर दोऱ्याने टाचलेली आहेत, मुळांना अजून मुरमाचे कण चिकटलेले आहेत, आणि खाली निळ्या शाईत गाव, ओढ्याचे नाव, 'उताराची हलकी जमीन, भोवती पवन्या व मारवेल', फुलोऱ्याचा महिना आणि मेंढपाळाने सांगितलेले स्थानिक नाव लिहिलेले आहे. त्या एका ओळीतून त्या माळावर त्या काळी चांगल्या प्रतीची चाऱ्याची गवते शिल्लक होती हे आज आपल्याला कळते. आता तिथे सोयाबीन आहे आणि बांधावर गाजर गवत. गाजर गवताची भारतातील नोंद पुण्याहून 1956 साली प्रसिद्ध झाली. ते आपल्या जिल्ह्यात केव्हा पोहोचले, याचा माग काढायचा तर जुन्या शीटवरील तारखा आणि गावांची नावे हेच विश्वसनीय साधन आहे. विद्यार्थी हा माग मोठ्या उत्साहाने काढतात, कारण ते तण त्यांच्या स्वतःच्या शेतात असते.

मात्र याच कामात त्यांना एक सावधगिरीही शिकवावी लागते. एखादी वनस्पती कपाटात नाही म्हणजे ती रानात नव्हती, असे म्हणता येत नाही. आमच्या सहली पावसाळ्याच्या अखेरीस आणि हिवाळ्यात निघत, एसटीने जाता येईल अशाच ठिकाणी जात, आणि एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालय बंद असे. त्यामुळे उन्हाळ्यात फुलणाऱ्या झाडांचे नमुने कमी आहेत, डांबरी रस्त्याकडेची झुडपे भरपूर आहेत आणि गौताळ्याच्या किंवा येडशीच्या अभयारण्यातील आतल्या भागातले फारसे काही नाही. संग्रह कोणी, केव्हा आणि कोणत्या वाटेने केला हे ओळखल्याशिवाय त्यावरून आकडे काढू नयेत, ही गोष्ट विद्यार्थ्याला व्याख्यानापेक्षा कपाटासमोर बसून तारखा मांडताना लवकर कळते.

पर्णरंध्रांचे प्रात्यक्षिकही आम्ही करतो. शीटवर टाचलेल्या पानाला हात न लावता, शीटला जोडलेल्या पाकिटात गळून पडलेली सुटी पाने घेऊन त्यांच्यावर नखांना लावायच्या पारदर्शक रंगाचा पातळ थर द्यायचा, तो वाळला की हलक्या हाताने सोलून काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठसा मोजायचा. आज तोडलेल्या पानाचा ठसा शेजारी ठेवायचा. मोजक्या पानांवरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही हे मी आधीच सांगते, पण दोन पिढ्यांतील पाने एकाच प्रात्यक्षिकात हाताळताना मोजणीतील शिस्त आणि नमुन्याविषयीचा आदर हे दोन्ही गुण विद्यार्थ्यांमध्ये येतात. जुन्या शीट हाताळताना हातमोजे घालणे मात्र सक्तीचे असावे, कारण किडीपासून बचाव व्हावा म्हणून त्या काळी नमुन्यांना मर्क्युरिक क्लोराइड हे अत्यंत विषारी रसायन लावत असत.

प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांनाही मी हेच सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 साली अभ्यासक्रमातील विच्छेदनाला आळा घातल्यानंतर फॉर्मेलिन या टिकवणाऱ्या द्रावणात प्राणी ठेवलेल्या जुन्या बरण्यांचे शैक्षणिक महत्त्व वाढले आहे. फॉर्मेलिनमुळे डीएनए काढणे अवघड होते, पण आकार, अवयव आणि पोटातील परजीवी अभ्यासता येतात.

डॉ. व्ही. एन. नाईक यांचा उस्मानाबाद जिल्ह्यातील वनस्पतींवरील ग्रंथ 1979 मध्ये आणि संपूर्ण मराठवाड्यावरील ग्रंथ 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. अशा ग्रंथातील नोंद उद्या कोणाला पडताळायची असेल, प्रजातीचे नाव बदलले असेल किंवा एकाच्या दोन प्रजाती झाल्या असतील, तर निवाडा छापील पानावर होत नाही. मूळ नमुना पुन्हा काढून पाहावाच लागतो. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने 2022 साली आपल्या हर्बेरियमचे आभासी दालन सर्वांसाठी खुले केले, त्यामुळे आमचे विद्यार्थी बीड किंवा परभणीत बसून प्ररूप नमुन्यांची, म्हणजे ज्यांच्यावरून प्रजातीचे नाव ठरले त्या मूळ नमुन्यांची, छायाचित्रे पाहू शकतात, आणि ही फार मोठी सोय आहे. पण छायाचित्रातून डीएनए काढता येत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयाला एप्रिल 2016 मध्ये आग लागली तेव्हा जे जळाले ते पुन्हा मिळणारे नव्हते. एकाच ठिकाणी ठेवलेला संग्रह किती असुरक्षित असतो, हे त्यातून दिसले.

यासाठी दुहेरी नमुने करण्याची जुनी रीत आपण पुन्हा सुरू केली पाहिजे. एकाच झाडाच्या दोन फांद्या एकाच क्रमांकाने वाळवाव्यात, एक आपल्या महाविद्यालयात ठेवावी आणि दुसरी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे किंवा पुण्याच्या वनस्पती सर्वेक्षण केंद्राकडे, त्यांना आधी विचारून, पाठवावी. नवी प्रजाती सापडल्यास तिचा नमुना अधिकृत संग्रहाकडे जमा करणे 2002 च्या जैवविविधता कायद्याने बंधनकारकच आहे.

ज्या सहकाऱ्यांवर कपाट रिकामे करण्याची वेळ आली आहे त्यांना माझी विनंती आहे की, निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदवहीतून काढून टाकायच्या वस्तूंच्या, यादीत संग्रहाचे नाव जाण्याआधी प्रत्येक शीटचे चिठ्ठीसह मोबाइलवर एक स्पष्ट छायाचित्र घ्यावे आणि संग्रह स्वीकारू शकेल अशा विभागाला लेखी विचारणा करावी. कीड लागलेली शीट लगेच फेकू नये. ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवली की किडे मरतात. वनस्पती पार भुगा झाली असेल तरी चिठ्ठी जपून ठेवावी, कारण त्या गावी, त्या महिन्यात, कोणी काय पाहिले याची नोंद तिच्यावर शिल्लक असते.