अठ्ठावीस सेकंदांचा दम

आज रात्री अकरा मिनिटांची एक विद्यार्थी-फिल्म पाहिली. एक बाई सुईत दोरा ओवते आहे, एवढाच तिचा विषय. दोरा चुकतो, ती त्याचे टोक ओठांत ओलावते, पुन्हा नेम धरते आणि ऐन वेळी शॉट तुटतो. पुढच्या शॉटमध्ये उजेड किंचित उतरलेला असतो आणि बोटे तसूभर सरकलेली असतात. सुरुवातीला मला ही संकलकाची हुशारी वाटली. मग मनातल्या मनात आकडे मोजत गेलो, तेव्हा एकही शॉट अर्ध्या मिनिटापलीकडे जात नसल्याचे ध्यानात आले. चावीच्या बोलेक्स कॅमेऱ्याचा दमच तेवढा: एकदा चावी दिली की सेकंदाला 24 चौकटींच्या वेगाने तो सुमारे 28 सेकंद चालतो, आणि 16 मिलिमीटरचे 100 फुटी रीळ पावणेतीन मिनिटांत संपते. अकरा मिनिटे म्हणजे अशी चार रिळे. पाचवे बहुधा नव्हतेच, कारण एका शॉटमध्ये कडेला कोणाचे तरी कोपर आत आले आहे आणि तेही तसेच ठेवलेले आहे.

मला या विद्यार्थी-फिल्मांची ओढ वाटते ती या कोपरासाठी. सराईत चित्रपटात निर्णय दिसत नाहीत, त्यांचे परिणाम दिसतात. इथे मात्र अडचण समोर उभी राहते आणि कोणी तरी तिच्याशी हुज्जत घालताना दिसते. अर्थात, बहुसंख्य फिल्मा कंटाळवाण्याच असतात. काळाविषयी घोगऱ्या आवाजात निवेदन सुरू झाले की माझा हात बंद करण्याच्या बटणाकडे जातो. यांत उद्याचा दिग्दर्शक शोधणाऱ्यांशीही माझे जमत नाही. पुढे नामवंत दिग्दर्शक झालेल्या रोमान पोलान्स्कीने 1958 साली पोलंडमधील वुच येथील चित्रपटशाळेत शिकत असताना समुद्रातून कपाट घेऊन बाहेर येणाऱ्या दोन माणसांवर लघुपट केला होता, आणि तो पुढे कोणीही झाला नसता तरी ते कपाट तितकेच विलक्षण राहिले असते.

सुईवाल्या फिल्मच्या श्रेयनामावलीत चारच नावे आहेत. त्यांतले एक छायाचित्रण, संकलन आणि चहा या तिन्हींपुढे लिहिलेले आहे.

शेवटच्या शॉटमध्ये दोरा नेढ्यापाशी पोचतो, तोच रीळ संपून पडदा पांढरा होतो. तो आत गेला की नाही, हे पाहण्यासाठी मी तीनदा मागे गेलो. शेवटच्या चौकटीत टोक नेढ्याला टेकलेले आहे.