तिसऱ्या दिवशी वजन उतरलं म्हणून…

जन्मताना २.८०० किलो असलेलं बाळ तिसऱ्या दिवशी काट्यावर २.६०० भरलं की खोलीत कुणीतरी म्हणतंच, "आईला दूध पुरत नाही, वरचं सुरू करा." बाळंतिणीचा धीर इथेच सुटतो. आधी टक्के काढा: २०० भागिले २८००, म्हणजे साधारण सात टक्के. पूर्ण दिवसांच्या बाळात एवढी घट नेहमीचीच. सातच्या पुढे गेली की जाणत्या नर्सने शेजारी बसून एक पूर्ण पाजणं बघावं. दहाला टेकली की डॉक्टरांना दाखवायचंच.

बाळ अंगात जास्तीचं पाणी घेऊन जन्मतं, ते लघवीवाटे जातं. डांबरासारखी काळी शी जाते. पहिल्या दिवशी चीक एका वेळी जेमतेम चमचाभर येतो, आणि तेवढा पुरतो. प्रसूतीच्या वेळी आईला बरंच सलाईन लागलं असेल तर त्यातलं पाणी बाळातही उतरतं, जन्माचा आकडा थोडा फुगतो आणि पुढची घट मोठी दिसते. सिझेरियनच्या बाळांत हे लक्षात ठेवा.

काट्याइतकंच दुपट्याकडे बघा. दुसऱ्या दिवशी निदान दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा लघवी, पाचव्या-सहाव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. शी काळ्याची हिरवट, पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. विटेच्या भुकटीसारखा डाग पहिले दोन-तीन दिवस चालतो. चौथ्या-पाचव्या दिवशीही दिसला तर दूध कमी जातंय.

फसवतं ते शांत बाळ. "किती गुणी, रडतच नाही," असं कौतुक होतं, आणि ते दूध न मिळाल्याने मलूल पडलेलं असतं. पाजायला उठत नाही, अंग तापलंय, पिवळेपणा वाढतोय, तोंड कोरडं पडलंय: त्याच दिवशी दवाखाना गाठा. उन्हाळ्यात जास्तच जपा.

उपाय बहुतेक वेळा पाजण्यातच असतो. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, रात्रीही. नुसतं बोंड तोंडात नको. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा. तरी कमी पडलं तर हाताने दूध काढून वाटी-चमच्याने द्या. मध, गुटी, ग्लुकोजचं पाणी अजिबात नको.

जन्माचं वजन दोन आठवड्यांत परत यायला हवं, पुढे दिवसाला २०-३० ग्रॅम वाढ. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी येतात, तेव्हा वजन करून घ्याच. बाळ उघडं, पाजण्याआधी, काटा तोच. काटा बदलला तर नव्या काट्यावरचं पहिलं वजन वहीत वेगळं लिहा.