शेवटचे दोन हात

रविवार, रात्रीचे साडेदहा. लाईट दोनदा गेली, दोनदा आली.

वन्संनी काल माझा लाकडी वाडगा हातात घेतला आणि आधी उलटा केला. किमतीची चिठ्ठी शोधतात ना, तसा. मग सुलटा केला, आतून बोट फिरवलं आणि विचारलं, "खरंच तू केलास?" मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी सांगून टाकलं, "एकटीने. अख्खा." मी चहा उतू जातोय का बघायला आत गेले. चहा अजून ठेवलाही नव्हता.

तो अख्खा माझा नाहीये. शेवटचे दोन हात मेस्त्रींचे आहेत, ज्यांच्या शेडमध्ये मी लाकूड कातायला शिकते.

किती क्षुल्लक गोष्ट. फांदी मी निवडली, गोल मी कापून घेतला, मार्चात ओला असताना लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, मीच कातला. ओलं फणसाचं लाकूड कातताना तोंडावर पाण्याचे तुषार उडतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. चिकाने हात चिकट, अंगावर हळदीसारखा पिवळा छिलप्यांचा सडा. आठ इंचाला पाऊण इंच जाडी ठेवली, कारण पहिल्या खेपेला व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी जाडी ठेवायची असते. मग छिलप्यांसकट कागदी पिशवीत बांधून तांदळाच्या पिंपामागे ठेवला. जूनमध्ये काढला तर अंड्यासारखा लांबट झालेला. लाकूड सुकताना आपल्या तंतूंच्या रेषांच्या आडवं आकसतं, लांबीत जवळपास नाहीच. म्हणून तर दोनदा कातायचं. दुसऱ्यांदा बाहेरून गोल मी केला, कड मी केली, आतला उतारही बराचसा मीच.

आणि मग ते.

लाटणं कातणं सोपं असतं. म्हणजे मेस्त्री तरी तसं म्हणतात. पाळण्याचे खांब, चौरंगाचे पाय, लाटणी ते गप्पा मारत कातून टाकतात. त्यांत रेषा लांबीला धावतात, हत्याराला एकच तऱ्हा सांभाळायची. वाडग्यात रेषा आडव्या असतात, त्यामुळे एका फेरीत लाकूड दोनदा सोबत येतं आणि दोनदा अंगावर येतं. म्हणून बाहेरून तळाकडून कडेकडे जायचं आणि आतून कडेकडून मध्याकडे. उलट गेलं की रेषा उपटून येतात. हे सगळं मला पाठ आहे. मी पाठ करण्यात हुशार. वहीत हिशेबसुद्धा मांडला होता: आठ इंच व्यास, मिनिटाला ८०० फेरे, म्हणजे कड ताशी ३० किलोमीटरने पळते. कुडाळच्या बाजारातून मी स्कूटरही एवढ्या जोरात चालवत नाही.

गोल पटाशीचं, म्हणजे कातायच्या हत्याराचं, गणित एवढंच की धारेच्या मागचा उतार आधी लाकडावर टेकायचा, तो नुसता घासू द्यायचा, मग मागची मूठ हळूहळू उचलायची म्हणजे धार लागते. "आधी पाठ लाव, मगे धार." हे वाक्य मेस्त्रींनी मला किमान पन्नास वेळा सांगितलं असेल. त्या दिवशी तळापासून दोन बोटांवर माझी पाठ सुटली आणि धार आधी लागली. काय झालं ते दिसत नाही, फक्त ऐकू येतं. बंदुकीसारखा ठाप्पकन आवाज, मूठ बगलेत आपटली, आणि वाडग्याच्या आत पाव इंच खोल ओरखडा.

"रवांदे गो बाय, माका दी."

आणि त्यांनी माझ्या हातातून पटाशी घेतली. चष्मा न लावता, तोंडावरची ती काच न घेता, उभे होते तिथूनच. दोन हात फिरवले. माझ्या हाताखाली चुरा पडायचा, फार तर पोह्यांसारखं काहीतरी. त्यांच्या हाताखालून लांब, अखंड, कुरळ्या फिती निघाल्या, सोऱ्यातून पडाव्यात तशा. ओरखडा गेला. तळ असा आला की बोटाला कुठे थांबावंसं वाटू नये. काल वन्संचं बोट फिरलं ते नेमकं तिथेच.

का घेतली हातातून?

हे मी महिनाभर घोळवतेय. वाडगा फुटेल म्हणून? मला लागेल म्हणून? एक वाजला होता, त्यांच्या घरून जेवायची हाक आली होती म्हणून? मी बाई म्हणून? (लेथवर उभं राहताना बांगड्या आणि मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवावं लागतं. त्यावरून घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.) त्यांच्या पुतण्याच्या हातातून घेतली असती का? की आपल्या डोळ्यांदेखत कोणी चांगलं लाकूड नासवतंय हे त्यांना बघवलंच नाही?

आई असंच लाटणं घ्यायची. "दे इकडे." पोळी फुगायची, पण ती माझी नसायची. असो.

वाईट याचं वाटतं की मला ते आवडलं. ओरखडा गेला तेव्हा हायसं वाटलं. खोबरेल आणि मेण लावून वाडगा पिशवीत घालून घरी आणला, टेबलावर ठेवला, आणि पहिल्या दिवशी ह्यांनी "वा!" केलं तेव्हा काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलणं आणखी अवघड झालं. आता महिन्याने वन्संना काय सांगणार, की बाकी सगळा माझा, तुमचं बोट फिरतंय तेवढं सोडून?

आज सकाळी ठरवूनच गेले. विचारायचंच. पाऊस मुसळधार, शेडचा पत्रा असा वाजत होता की ओरडून बोलावं लागावं. लेथ सुरू करणार तोच लाईट गेली. मेस्त्रींनी चहा मागवला आणि वडिलांच्या गोष्टी काढल्या. ते सावंतवाडीला चितारआळीत बसायचे, लाखेच्या खेळण्यांच्या कामाला. तेव्हा जमिनीवर बसून कामठ्याने, म्हणजे दोरीच्या धनुकलीने, लाकूड फिरवायचं. एक हात कामठ्यावर, एक हत्याराला, आणि हत्याराचं टोक आवरायला पायाची बोटं. लाईट गेल्याचा प्रश्नच नाही. मी म्हटलं, मग हातातून हत्यार काढून घ्यायचं तर आधी पायातून काढावं लागत असेल. त्यांना विनोद कळला नाही. म्हणून सरळच विचारलं. त्या दिवशी तुम्ही पटाशी का घेतलीत?

"मिया? कधी?"

आठवतच नव्हतं. फणसाचा वाडगा म्हटलं, ओरखडा म्हटलं, हाताने दाखवलं. त्यांनी चहाच्या ग्लासात बघत बराच विचार केला. खरंच आठवत नव्हतं. मी महिनाभर ज्याचं भरीत करून खातेय ते त्या माणसाच्या लेखी नाकावरची माशी उडवण्याएवढंही नव्हतं! हसू आलं. थोडा रागही आला. बाबांच्या हातातून मोबाईल घेऊन मी ओटीपी टाकते तेही त्यांना... नको, ते वेगळं.

लाईट आली. आज आंब्याच्या सुक्या लाकडाचा छोटा तुकडा होता, सहा इंचांचा, एकदाच कातायचा. मी म्हटलं, काही झालं तरी हात लावायचा नाही. ते बाजूला जाऊन लाटण्यांना पॉलिश पेपर मारत बसले. पाठ लावली, मग धार. पाठ, मग धार. साधारण तासाभराने पहिल्यांदा माझ्या पटाशीखालून फीत निघाली. वीतभर असेल. बंद करून उचलली, ओढणीच्या गाठीत ठेवली. मग चढलंच मला. बाहेरून उंची तीन इंच, आत अडीच तरी झालं असेल असं मनाशी धरलं. आडवी पट्टी ठेवून पेन्सिलीने खोली मोजायची असते, दोन मिनिटांचं काम. रोज पोरांच्या वह्यांवर 'अंदाज नको, मोजून लिहा' असा लाल शेरा मारणारी मी. लाकडाचा आवाज बारीक होत चालला होता तो ऐकूही येत होता. एक हात आणखी, म्हटलं. तळातून रुपयाएवढी चकती सुटली आणि त्यातून लाकूड धरणाऱ्या चकचं लोखंड चमकलं.

मेस्त्रींनी लांबूनच मान वर केली. "बाय, नरसाळा झाला."

हात मात्र लावला नाही.

आता ते नरसाळं समोर आहे. एका बाजूची कड आठ मिलिमीटर, दुसरीकडची पाच. आत पायऱ्या पायऱ्या लागतात. भोकातून करंगळी आरपार जाते. मघाशी फोटो काढून वन्संना पाठवला. खाली लिहिलं, "हा मात्र मी केलाय. अख्खा."

त्यांचं उत्तर आत्ताच आलं. "छान! भोक कुंडीसाठी ठेवलंस का?"

हो म्हणावं का, या विचारात आहे.